दवाखान्यातून घरी आल्यावर

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पांढुर्णा येथे भरलेल्या कुटुंब-मेळाव्यात केलेले भाषण)



 चिटणीस साहेबांनी मला विषय सुचवला होता तो 'शिक्षण आणि समाज' हा. गेली वीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवीत आहे. बी. एस्सी., बी. एड. झालेल्या माणसाला या विषयावर अर्धा तास बोलणे काही अवघड नाही. परंतु मी त्यांना विनंती केली की, मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगू द्या. ती सांगताना मला संकोच वाटणार आहे, कारण तिच्यात चूक माझीच आहे. पण जी चूक मी केली ती या सभागृहातील आणखी दोन-चार घरांत आजही होत असेल, असे मला वाटते. म्हणून संकोच बाजूला ठेवून बोलतो.

आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे की माझा धाकटा मुलगा जन्मापासून अपंग आहे. जन्मताच तो रडला नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि हातापायांचे स्नायू ताठर राहिले. डॉक्टर या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. तो चालत नाही, आधारावाचून बसत नाही, शब्द बोलत नाही. पण माझ्या सायकलची घंटा गल्लीच्या तोंडाशी वाजली की त्याला कळते, आणि अम्मी, म्हणजे माझी आई, खोटे खोटे रागावली की तो खदखदून हसतो. तो नऊ वर्षांचा असताना पौषातल्या थंडीत त्याला न्युमोनिया झाला. आम्ही त्याला नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. अकरा दिवस तो तेथे होता. बाराव्या दिवशी आम्हांला घरी जाण्यास सांगण्यात आले. हातात एक कागद मिळाला. त्यावर औषधांची नावे होती आणि दोन आठवड्यांनी दाखविण्यास यावे, असे लिहिले होते.

घरी आलो तेव्हा दारात शेजारपाजारची माणसे जमली होती. 'सुटलो एकदाचे,' असे आम्हांला वाटले. बंधुभगिनींनो, आज मला जे सांगायचे आहे ते याच वाक्याविषयी आहे. दवाखान्यातून घरी येणे म्हणजे आजारातून सुटणे नव्हे. आजाराची अर्धी वाट तेथे संपते आणि उरलेली अर्धी घरात चालावी लागते. ती कोणी दाखवून दिलेली नसते, आणि बहुतेक घरांत ती एकटी आईच चालत असते.

घरी आल्याच्या पाचव्या दिवशीची गोष्ट. सकाळची शाळा होती, मला उशीर होत होता. मुलाची आई रात्रभर जागून नुकतीच कोठे लवंडली होती. तिला उठवू नये म्हणून मीच पेल्यात कोमट दूध घेतले, मुलाचे डोके माझ्या दंडावर मागे टेकवले आणि तो निजलेल्या स्थितीतच त्याच्या तोंडात दूध घालू लागलो. दोन घोट गेले. तिसऱ्या घोटाला त्याला जोराचा ठसका लागला, डोळे पांढरे झाले, ओठ निळसर पडले. मी त्याला उचलून धरले, पाठ थोपटली. थोड्या वेळाने श्वास पूर्ववत झाला. मी पेला विसळून ठेवला आणि शाळेत गेलो. घरात कोणाला काही बोललो नाही. संध्याकाळी मुलाचे अंग तापले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा नागपूरच्या वाटेवर होतो.

त्या दुसऱ्या खेपेला तेथील फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला विचारले, "सर, तुम्ही याला कसे भरवता ते जरा दाखवा." मी दाखवले. त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता तुम्ही स्वतः मान अशीच मागे टाका आणि एक घोट पाणी पिऊन पाहा." मी पाहिले, आणि मलाच ठसका लागला. धडधाकट माणसाची ही गत, तर ज्याच्या घशाचे स्नायू मेंदूचे ऐकत नाहीत त्या पोराची काय होत असेल!

गंमत पाहा, मंडळी. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढतो. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका, वर एक लहानसे झाकण. घास गिळताना हे झाकण श्वासनलिकेवर पडते आणि घास आपल्या वाटेने जातो. ही आकृती काढता न आल्यास मी मुलांचे गुण कापतो. मान मागे गेली की श्वासनलिकेचे तोंड उघडे राहते, गिळण्याचे काम अवघड होते आणि पातळ पदार्थ सरळ फुप्फुसात उतरतो, हे त्या आकृतीवरून मलाच प्रथम कळावयास हवे होते. पण ज्ञान फळ्यावर राहिले आणि मूल माझ्या दंडावर होते. त्या बाईंनी मला एका घोटात जे शिकवले ते माझ्या पदवीने शिकवले नव्हते.

अशा मुलांना न्युमोनिया वारंवार का होतो, हे थोडक्यात सांगतो. त्यांची खोकण्याची शक्ती दुबळी असते, त्यामुळे कफ बाहेर पडत नाही. लाळ आणि अन्न थोडे थोडे श्वासनलिकेत जाते. पोटातले अन्न उलट वर येते. सतत पडून राहिल्याने आणि पाठीचा कणा वाकल्याने फुप्फुसे पूर्ण फुलत नाहीत. भरवणे अवघड म्हणून अन्न कमी जाते आणि अंगात ताकद राहत नाही. यांतले एकही कारण दैवाचे नाही, की कोणाच्या नजरेचे नाही. यांतल्या बहुतेक कारणांवर घरातल्या माणसांचा थोडाफार तरी हात चालतो.

आता आम्ही घरी काय शिकलो ते सांगतो. हे डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेणारे नाही. प्रत्येक मूल निराळे असते आणि त्याच्या गिळण्याची परीक्षा जाणकाराकडून एकदा करवून घेतलीच पाहिजे.

पहिली गोष्ट भरवण्याची. मुलाला ताठ बसवावे. आधाराला उशा, कोपऱ्यातली भिंत, लाकडी खुर्ची, काहीही चालेल. डोके मध्यावर आणि हनुवटी किंचित छातीकडे असावी. भरवणाऱ्याने त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. उभे राहून भरवले की मूल वर पाहते आणि मान आपोआप मागे जाते. चमचा लहान घ्यावा. पहिला घास गिळला गेला हे पाहिल्यावाचून दुसरा देऊ नये. सर्वांत फसवे ते पाणी, कारण ते घशातून फार वेगाने जाते. मऊ खिचडी, घोटलेला वरणभात, दलिया, कुस्करलेले केळे असे सरसरीत अन्न पुष्कळ मुलांना सोपे जाते. आमच्या मुलाला दूधसुद्धा थोडे दाट करून द्यावे लागते. पण दाट किती आणि पातळ किती हे ज्याचे त्याने जाणकाराला विचारूनच ठरवावे. जेवल्यावर निदान अर्धा तास मुलाला आडवे करू नये. आणि मूल झोपेत असेल, रडत असेल किंवा धापा टाकत असेल, तर त्या वेळी भरवू नये. घड्याळाची वेळ चुकली तरी चालेल.

दुसरी गोष्ट कूस बदलण्याची. दिवसा दर दोन तासांनी, आणि रात्रीही जमेल तसे, डावी कूस, उजवी कूस, टेकून बसणे, असा फेर धरावा. एकाच कुशीवर पडून राहिले की खालच्या बाजूला कफ साचतो आणि कातडीही सोलवटते. कफ सुटावा म्हणून पाठ थोपटण्याची एक रीत आहे. तळहात ओंजळीसारखा खोलगट करून फासळ्यांवर हलके ठोकायचे, कण्यावर नाही, पोटावर नाही आणि जेवणानंतर तर मुळीच नाही. ही रीत पुस्तकात वाचून करू नये. शिकवणाऱ्याने आपला हात आपल्या हाताने धरून शिकवली तरच करावी.

तिसरी गोष्ट तोंडाच्या स्वच्छतेची. हे मला अगदी नवीन होते. दात घासले नाहीत की तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात जातात. अशा मुलाचे तोंड सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रशाने स्वच्छ करणे हा न्युमोनिया टाळण्याचाच एक उपाय आहे. आणि डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचे जितके दिवस सांगितले तितके दिवस पुरे करावे. ताप उतरला म्हणून बाटली फडताळात ठेवू नये, आणि उरलेले औषध पुढच्या खेपेला आपल्या मनाने देऊ नये.

चौथी गोष्ट धुराची. चूल, बिडी-सिगारेट, डास पळवण्याची कॉइल, उदबत्ती, हे सर्व त्या खोलीतून बाहेर गेले पाहिजे. माझी आई दर गुरुवारी घरभर लोबान फिरवीत असे. पन्नास वर्षांची रीत. तिला कसे सांगावे या विचाराने मी तीन गुरुवार गप्प राहिलो. चौथ्या गुरुवारी तिने आपण होऊनच धुपाटणे अंगणात नेले आणि म्हणाली, "सुगंध दारातूनही आत येतो."

मायेपोटी होणाऱ्या उपायांविषयीही बोललेच पाहिजे. मुलासाठी अम्मी दुआ पढून पाण्यावर फुंकर घालीत असे. शेजारच्या आजींनी जामसावळीच्या हनुमानाचे तीर्थ आणले होते. दोन्ही आमच्या घरी तितक्याच आदराने घेतली गेली. परंतु दोन्ही म्हणजे चमचाभर पाणीच, आणि त्या वेळी पाणी हेच त्याच्या छातीचे वैरी होते. आजी आणि अम्मी दोघींनी बसून विचार केला आणि ठरवले की पाणी कपाळाला लावायचे, तोंडात घालायचे नाही. श्रद्धाही राहिली आणि मूलही राहिले. मात्र नाकात तेल सोडणे, घशात तूप ओतणे, हे प्रकार कपाळाला लावून निभावण्यासारखे नाहीत. ते बंदच केले पाहिजेत. तेल-तूप फुप्फुसात गेले तर त्याचाच एक निराळा न्युमोनिया होतो आणि तो लवकर हटत नाही. आणि पोटफुगीवर किंवा धापेवर उपाय म्हणून तान्ह्या मुलाच्या पोटाला तापल्या लोखंडाचे डाग देण्याची चाल आपल्या शेजारच्या मेळघाटात आणि आपल्याच राज्यात शहडोलकडे अजून ऐकू येते. त्याने आजार बरा होत नाही. एक जखम आणि काही मोलाचे तास, एवढेच पदरात पडते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट: धोका ओळखायचा कसा? येथे मी आपणांस विदर्भातील एका कामाची हकीकत सांगतो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था काढली. तेथे लहान मुले न्युमोनियाने मोठ्या संख्येने दगावत होती आणि डॉक्टर कोसोगणती दूर होता. त्यांनी गावातल्याच आरोग्यसेवकांना व दायांना न्युमोनिया ओळखणे आणि तोंडाने घेण्याचे जंतुनाशक औषध देणे शिकवले. अनेक गावांत हा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ज्या गावांत हे उपचार मिळाले तेथे न्युमोनिया झालेल्या शंभर मुलांमागे एकाहूनही कमी मूल दगावले. ज्या गावांत ही सोय नव्हती तेथे हेच प्रमाण शंभरामागे तेराच्या वर होते.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढे आहे. पुष्कळ दायांना लिहिता-वाचता येत नव्हते. मिनिटाला पन्नास श्वास झाले की साठ, हे त्यांनी मोजायचे कसे? म्हणून एक साधन तयार केले. एका मिनिटात रिकामी होणारी वाळूची घडी आणि तिच्याजवळ ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकवण्याची पाळी आली, तर न्युमोनिया. दहापर्यंत मोजता आले की पुरे. गडचिरोलीच्या निरक्षर दायांना जे जमले ते पांढुर्ण्याच्या आणि सौंसरच्या शिकलेल्या आईबापांना जमू नये काय?

तेव्हा हे आकडे ध्यानात ठेवा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील, तर ते न्युमोनियाचे लक्षण समजून लगेच दवाखाना गाठावा. पाच वर्षांवरील आणि अपंग मुलांसाठी आमच्या डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली. मूल बरे असताना, ते झोपले म्हणजे, त्याचे श्वास चार-सहा वेळा मोजून वहीत लिहून ठेवायचे. तो त्याचा नेहमीचा आकडा. आजारात तो किती वाढला हे मग आपल्याला कळते आणि डॉक्टरांनाही सांगता येते. २०२० च्या करोनाच्या साथीपासून बोटाला लावायचे ऑक्सिमीटर पुष्कळ घरांत आले आहे. त्याचा आकडा ९० च्या खाली गेला तर एक क्षणही वाट पाहू नये. छाती आत ओढली जाणे, श्वासाबरोबर कण्हणे, ओठ निळे पडणे, मूल सुस्त होणे, घास-पाणी न घेणे, झटके येणे, यांपैकी काहीही दिसले तरी तेच करावे. आणि अपंग मुलाच्या आईने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: कधी कधी ताप येतच नाही. नेहमी हसणारे मूल गप्प झाले, एवढीच खूण असते. ती खूण आईला प्रथम कळते. तेव्हा 'तुला उगाच वाटते' असे तिला कोणी म्हणू नये. हे मी पुरुषांना उद्देशून बोलतो आहे.

लसींविषयी एकच वाक्य. न्युमोनियाच्या एका मुख्य जंतूविरुद्धची न्युमोकोकल लस २०१७ पासून आपल्या देशाच्या सरकारी लसीकरणात येऊ लागली आणि २०२१ पासून ती सर्व राज्यांत पोचली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तिची वेळ आहे आणि ती विनामूल्य आहे. आपल्या घरातले बाळ त्यातून सुटले असेल तर आशाताईंना विचारा.

घरी आल्यावर किती दिवसांनी मूल पूर्ववत होते? आम्ही रोज हाच प्रश्न एकमेकांना विचारीत होतो. खोकला तीन-चार आठवडे रेंगाळतो. थकवा त्याहून अधिक राहतो. वजन भरून यायला महिने लागतात. आमच्या मुलाला पुन्हा हसायला पाच आठवडे लागले. हे पाच आठवडे मी आता पुढे सांगतो त्या गोष्टीमुळे निभले.

दुसऱ्यांदा घरी आलो तेव्हाही माणसे भेटायला आली. नातेवाईक आले, सहशिक्षक आले, सौंसरहून माझी बहीण आली. सगळ्यांनी मनापासून विचारपूस केली आणि निघताना सगळेच म्हणाले, "काही लागले तर सांगा." मंडळी, हे वाक्य मीही आयुष्यात शेकडो वेळा उच्चारले आहे. त्या दिवसांत मला प्रथम कळले की, ज्याच्या घरात आजार आहे त्याला हे वाक्य काहीच देत नाही. काय लागते हे त्याला स्वतःलाच सुचत नसते, आणि सुचले तरी मागण्याची लाज वाटते. मुलाची आई दर दोन तासांनी उठत होती. तिचे डोळे खोल गेले होते. मी शाळेत जात होतो आणि आल्यावर 'मी करू का?' असे विचारीत होतो. तीही 'राहू द्या' म्हणत होती. कारण माझ्या हातून एकदा काय झाले ते मी आता तिला सांगितले होते. ती मला एका शब्दानेही बोलली नाही. पण पेला ती माझ्या हाती देत नव्हती.

एके दिवशी शेजारच्या आजी आल्या. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे. त्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, उद्यापासून दुपारी दोन ते चार मी बसत जाईन पोरापाशी. सूनबाईले झोपू द्या." 'काही लागले तर सांगा' असे त्या म्हणाल्या नाहीत. दोन ते चार, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला त्या आल्या, कूस कशी बदलायची ते शिकून घेतले आणि मुलाजवळ बसल्या. सूनबाई दोन तास झोपली. त्या दोन तासांनी आमचे घर सावरले. मग माझ्या एका सहशिक्षकाने सोमवारी आणि गुरुवारी रात्री नऊ ते बारा बसण्याचे पत्करले. बहीण शनिवारी सौंसरहून येऊन रविवारी जाऊ लागली. आणि मी स्वतः पहाटे चार ते सहा ही वेळ घेतली. 'मी करू का?' असे विचारणे सोडून दिले. तीन आठवड्यांनी एके सकाळी मुलाच्या आईने काही न बोलता वाटी-चमचा माझ्या हाती दिला. मी समोर बसलो, हनुवटी सरळ केली आणि भरवले. ती दारात उभी राहून पाहत होती.

अध्यक्ष महोदय, आता मी या ट्रस्टकडे वळतो. पन्नास वर्षांत ट्रस्टने विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या, वह्या-पुस्तके वाटली, अडीअडचणीच्या वेळी औषधांचे पैसे भरले. माझ्या स्वतःच्या शिक्षणाच्या वेळी मला येथून मदत मिळाली होती, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. पैशाची मदत ट्रस्टला उत्तम करता येते. परंतु अपंग व आजारी मुलाच्या घराला पैशाइतकीच गरज हातांची आणि तासांची असते. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मी तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही ठिकाणच्या आपल्या कुटुंबांत अशी किती मुले आहेत याची नोंदवही करावी. पुष्कळ घरांत अशी मुले आतल्या खोलीतच वाढतात. शेजाऱ्यांनाही त्यांची नावे ठाऊक नसतात. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मान्य केली आहेत. सहा ते अठरा वर्षांच्या, चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे, आणि तीव्र अपंग मुलाला ते घरी घेण्याचीही मुभा आहे. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्यविमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळू शकतो. पण प्रमाणपत्र नाही, कार्ड नाही, अर्ज भरलेला नाही, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी आहे. हे अर्ज भरून देणे आम्हा शिक्षकांचे काम समजावे. मी त्यासाठी माझे नाव देतो.

दुसरी, ट्रस्टच्या कार्यालयात एक कपाट असावे. त्यात वाफेचे औषध देणारे नेब्युलायझर यंत्र, ऑक्सिमीटर, आधाराची खुर्ची, चाकाची खुर्ची अशा वस्तू असाव्यात. ज्याला लागेल त्याने न्यावे, काम झाल्यावर स्वच्छ करून परत आणावे. एका घरात दोन महिने लागणारी वस्तू प्रत्येकाने विकत का घ्यावी? याच कपाटावर एक फोन नंबर असावा, रात्री-अपरात्री नागपूरला नेणारे वाहन मिळवून देणाऱ्याचा. १९५६ पर्यंत नागपूर आपल्या राज्याची राजधानी होती. त्या साली सीमा आखली गेली आणि नागपूर पलीकडे गेले. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून आपला वेगळा जिल्हा झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मूल अत्यवस्थ झाले की आपल्या गाड्यांची तोंडे आजही नागपूरकडेच वळतात. ते अंतर रात्री दोन वाजता किती लांब होते, हे ज्याने काटले आहे त्यालाच ठाऊक.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची, एक पाळीची वही ठेवावी. वर्षातून एक दिवस जाणकार फिजिओथेरपिस्ट व परिचारिका यांना बोलावून आपल्यातील पंचवीस-तीस स्त्री-पुरुषांना भरवणे, कूस बदलणे, श्वास मोजणे हे हातांनी शिकवावे. मग ज्याने त्याने आपल्या नावापुढे वार आणि वेळ लिहावी. कोणाच्या घरी मूल दवाखान्यातून आले की त्या वहीतून त्या घराला माणूस मिळावा, त्यांनी न मागता.

या गोष्टी नवीन नाहीत. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली अशा मुलांसाठी संस्था उभारली, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला घेणारी शाळा नव्हती. कोल्हापुरात नसीमा हुरजुक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून शेकडो अपंगांच्या निवासाची, शिक्षणाची आणि कामाची सोय केली. त्या तुलनेत मी मागतो आहे ती एक वही आहे.

माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. तो चालणार नाही, हे आम्ही जाणतो. गेल्या हिवाळ्यात त्याला पुन्हा खोकला झाला. पण श्वासांचा आकडा वहीत होता. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले आणि दवाखान्यात राहावे लागले नाही. शेजारच्या आजी आता थकल्या आहेत. त्यांना आता कोणी तरी दुपारी दोन ते चार सोबत बसावे, अशी वेळ आली आहे. त्या वेळी आम्ही त्यांच्याकडे बसतो, आणि मुलाची खुर्चीही तेथे नेतो.

तेव्हा आज येथून जाताना कोणाच्याही दारी 'काही लागले तर सांगा' असे म्हणू नका, एवढीच माझी प्रार्थना आहे. वार सांगा, वेळ सांगा, आणि त्या वेळी जा. पाळीची वही उद्या उघडली तर पहिल्या ओळीवर माझे नाव लिहून घ्यावे: रविवार, दुपारी दोन ते चार.